सोमवारची चिठ्ठी

मयेकरांच्या भावकीत नऊ घरं. नऊ घरांत मिळून जहाजावर गेलेले चौदा, जयगडच्या बंदरात नोकरीला असलेले पाच, मास्तर दोन आणि डॉक्टर एकही नाही. त्यामुळे श्रद्धाने अकरावीला सायन्स घेऊन डॉक्टर व्हायचं म्हटलं, तेव्हा भावकीने ते आधी हसण्यावारी नेलं आणि मग इतकं मनावर घेतलं, की तिला स्वतःला माघार घ्यायची सोय उरली नाही. शेजारच्या घरातला आत्मारामकाका, म्हणजे तिच्या वडिलांचा थोरला भाऊ, तिला 'डॉक्टरीण' म्हणूनच हाक मारायचा, आणि तीही अशी, की रस्त्याच्या पलीकडे बसची वाट बघणाऱ्यांनी माना वळवाव्यात. तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, हे एक कारण. दुसरं कारण असं, की त्याला ते सगळ्यांना ऐकवायचंच होतं.

रत्नागिरीला तिच्या कॉलेजातल्या बाईंनी त्या वर्षी एक नवीनच खूळ काढलं होतं. ज्याला जे व्हायचंय, त्याने तसल्या माणसापाशी पंधरा दिवस बसायचं, काय बघितलं ते वहीत लिहायचं आणि शेवटी त्या माणसाची सही आणि शिक्का आणायचा. निम्म्या मुलांनी ओळखीतून शिक्के मिळवले आणि घरबसल्या वह्या भरल्या. श्रद्धाला तसली हुशारी सुचली नाही. ती ऑगस्टच्या सुरुवातीला कॉलेजातून परतताना आरे-वारेच्या रस्त्यावर उतरली, डॉ. सुनेत्रा लिमयांच्या दवाखान्यात गेली आणि सरळ विचारून मोकळी झाली.

डॉक्टरांनी तिला मार्क विचारले नाहीत. अक्षर कसं आहे, ते विचारलं. त्यांचं स्वतःचं अक्षर इतकं भयंकर होतं, की औषधाच्या दुकानातून दिवसाला दोन तरी फोन यायचे, बाई हे काय लिहिलंय म्हणून. त्यावर त्यांनी एक पद्धत पाडली होती. शेजारच्या स्टुलावर जो बसला असेल त्याला चिठ्ठी तोंडी सांगायची, आणि खाली सही-शिक्का तेवढा आपला मारायचा. आजवर हे काम केसपेपर काढणारी योगिनी करायची. आता ते श्रद्धाकडे आलं. गोळ्यांची नावं, तपासण्या, मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना द्यायची पत्रं, सगळं तिच्या गोल, टपोऱ्या अक्षरात जाऊ लागलं. चौथ्या दिवशी औषधवाल्याचा फोन आला तो फक्त कौतुक करायला.

दुसरी गोष्ट डॉक्टरांनी पहिल्याच संध्याकाळी बजावली. दवाखान्याला चिऱ्याच्या तीन पायऱ्या होत्या आणि चपला सगळ्यात खालच्या पायरीपाशी काढायच्या, असा शिरस्ता होता. "जाताना चपला घातल्यास, की इथलं सगळं विसरायचं," डॉक्टर म्हणाल्या. "कोण आलं, कशाला आलं, काय निघालं. आईलासुद्धा सांगायचं नाही."

श्रद्धाने मान हलवली. तिला ते सोपं वाटलं, कारण तिने आपल्या वाडीचा विचार केला नव्हता. तिच्या दवाखान्यात बसण्याचा सगळ्यात जास्त आनंद झाला होता तो वाडीतल्या गोदाआजीला. आता गावातल्या यच्चयावत दुखण्यांची खबर आपल्याला घरपोच मिळणार, अशा हिशेबाने ती रोज सात वाजता श्रद्धाच्या अंगणाच्या दगडी गडग्यापाशी येऊन उभी राहायची. वरच्या वाडीतली सून आलेली काय गो? कितव्या महिन्याची? श्रद्धा म्हणायची, मला काय माहीत आजी, मी नुसती लिहिते. आठवडाभर हे चाललं. शेवटी गोदाआजीने जाहीर केलं की पोरगी शिकून शिष्ट झाली, आणि गडग्यापाशी यायचं सोडलं. श्रद्धाला त्याचा अभिमानच वाटला. हे सगळं ऐकून आत्मारामकाका पोट धरून हसला होता. चपलांचा नियम तिने त्याला सांगितला होता. नियम सांगायला बंदी नव्हती.

पहिल्या दिवशी गळू कापताना बघून तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. योगिनीने तिला बाकावर आडवं करून पाणी पाजलं होतं. दहाव्या दिवशी एका मुलाच्या टाचेतून फुटक्या बाटलीची काच काढली, तेव्हा तिने डॉक्टरांच्या हातात चिमटा दिला आणि पोर ओरडत असताना पुढची चिठ्ठी लिहायला घेतली. घरी आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की त्या पोराचं नावही आपण विचारलं नाही. वहीत तिने लिहिलं, 'आता भीती वाटत नाही.' लिहून झाल्यावर ते वाक्य तिला कसंसंच वाटलं, पण शाईने लिहिलं होतं म्हणून तसंच राहू दिलं.

मग आला तो सोमवार, पंचवीस ऑगस्ट. दुसऱ्या दिवशी हरतालिका, तिसऱ्या दिवशी गणपती. दवाखान्यात माणूस नव्हतं, कारण ह्या दोन दिवसांत रत्नागिरीत कोणाला आजारी पडायला सवड नसते. योगिनी लवकर गेली होती. डॉक्टर आवराआवर करत होत्या आणि तेवढ्यात दारात आत्मारामकाका उभा राहिला. दाढ दुखते म्हणून घरी सांगून आला होता.

दाढ दुखत नव्हती. चार दिवस झाले, समुद्रावरून घराची चढण चढताना छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं आणि डावा हात जड पडायचा. आज सकाळी अंघोळीच्या वेळी, काहीही न करता तसं झालं होतं. डॉक्टरांनी श्रद्धाकडे बघितलं आणि म्हणाल्या, तुझे काका आहेत, तू बाहेर बस. पण काकानेच हात वर केला. राहू दे तिला, म्हणाला, शिकायला आली आहे, शिकू दे. आमच्या भावकीतली पहिली डॉक्टर होणार आहे ती.

म्हणून ती राहिली. कार्डिओग्रामच्या वायरी तिनेच त्याच्या छातीला लावायला मदत केली. यंत्रातून कागद सरकत बाहेर आला. डॉक्टरांनी तो दोनदा बघितला, खिडकीपाशी नेऊन तिसऱ्यांदा बघितला आणि काकाला शर्ट घालायला सांगितलं. हृदयाला रक्त पोचवणारी नळी अडत चालली आहे, त्यांनी सांगितलं. अजून झटका आलेला नाही, पण येऊ घातलाय. आत्ता इथूनच हॉस्पिटलला जायचं, घरी जाऊन कपडे घ्यायलाही थांबायचं नाही. आणि त्यांनी श्रद्धाला पत्र लिहायला सांगितलं.

श्रद्धाने इंग्रजीत लिहिलं. नाव, वय एकोणसाठ, तक्रार, कार्डिओग्राममध्ये काय दिसतं ते, आणि शेवटी: रुग्णास आजच दाखल करून घ्यावे. 'आजच'च्या खाली रेघ मार, डॉक्टर म्हणाल्या. तिने पट्टी घेऊन रेघ मारली. आपल्याला आता भीती वाटायला हवी, रडू यायला हवं, असं तिला वाटलं, आणि ती वाट बघत राहिली. काहीच आलं नाही. अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं होतं.

आत्मारामकाकाने पत्र घेतलं, चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवलं आणि म्हणाला, "विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं जातो."

डॉक्टरांचा आवाज चढला. तो चढलेला श्रद्धाने कधी ऐकला नव्हता. काका मात्र शांत होता. त्याने जे सांगितलं ते डॉक्टरांना माहीत नव्हतं असं नाही, पण त्याने मुळापासून सांगितलं. परवाच्या साली त्याची आई ऐन गणपतीच्या तोंडावर गेली. नऊ घरांना सुतक, नऊ गणपती चुकले. गेल्या साली हरतालिकेच्या दिवशीच चिपळूणचा चुलतभाऊ गेल्याचा फोन आला. मखर उभं होतं ते उतरवलं, कारखान्यात सांगून ठेवलेल्या मूर्ती दुसऱ्यांना द्यायला लावल्या. त्याच्या मुलाचं, अजिंक्यचं नवीन लग्न झालेलं, सून अपूर्वा पहिला ओवसा, म्हणजे नव्या सुनेने गौरीला सुपांनी ओवाळायचं ते, करायला ठाण्याहून सुपं घेऊन आली होती. ती तशीच परत गेली. यंदा अजिंक्यने साहेबाशी भांडून आठ दिवस रजा काढली होती. आणि आता आपण हॉस्पिटलात जाऊन तिथंच काही झालं, तर तिसऱ्या वर्षी नऊ घरं आपल्या नावानं अंधारात बसतील. ते त्याला नको होतं.

"आणि न जाता काही झालं तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीस वर्षं इंजिनं चालवली मी," काका म्हणाला. "बिघडलेलं इंजिन बंदरापरयंत कसं आणायचं, ता मला ठाव हाय."

डॉक्टरांनी अजिंक्यचा नंबर मागितला. काकाने दिला नाही. माझं दुखणं माझं आहे, म्हणाला, तुमचाच नियम आहे ना, चपलांचा? घरी फोन केलात तर तुमच्या गोळ्यासुद्धा घेणार नाही. शेवटी डॉक्टरांनी औषधाचं कपाट उघडलं. मग त्यांनी गोळ्या दिल्या, कोणती रोज घ्यायची, कोणती छातीत दुखलं की जिभेखाली धरायची ते सांगितलं, आणि केसपेपरवर त्याची सही घेतली: सल्ला दिला आहे, मी स्वतःच्या जबाबदारीवर घरी जात आहे. तेही श्रद्धानेच लिहिलं.

पायरीपाशी काका तिची वाट बघत थांबला होता. ती चपला घालेपर्यंत तिच्या पायांकडे बघत राहिला.

"घातल्यास चपला?" त्याने विचारलं.

"हो."

"मंग विसर."

रस्ताभर तो मखराविषयी बोलत राहिला. चढणीला दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा समुद्राकडे बोट करून कुठली तरी होडी दाखवली.

दुसऱ्या दिवशी हरतालिका. बायका निर्जळी उपास करून वाळूच्या पिंडीची पूजा करत होत्या, नवऱ्याला दीर्घायुष्य मिळावं म्हणून. सगुणाकाकी, म्हणजे आत्मारामकाकाची बायको, दरवर्षी पाण्याचा थेंबही घ्यायची नाही. तिच्या कोरड्या पडलेल्या ओठांकडे श्रद्धाने बघितलं आणि दुपारी काहीतरी विसरल्याचं निमित्त काढून ती दवाखान्यात गेली. दारावर पाटी लागली होती: 'गणपतीनिमित्त दवाखाना बंद.' डॉक्टर गाडीत पिशव्या ठेवत होत्या. त्यांचा गणपती केळशीला, आणि तोही गौरीबरोबर जाणारा. त्यांना बोटीने खाडी ओलांडायची होती.

श्रद्धाने विचारलं, "मी घरी सांगू का?"

"मला सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तू सांग, असंही मला म्हणता येत नाही. सांगू नको, असं आज म्हणवत नाही."

आता ह्यातून सोळा वर्षांच्या मुलीने काय घ्यायचं? मला विचाराल तर डॉक्टरांनी त्या दिवशी हात झटकले. वाईट बाई नव्हती ती. पण तिलाही उशीर झाला होता, गाडीवाला हॉर्न देत होता, आणि केळशीला नैवेद्याचं तिच्याकडे होतं. त्यांनी श्रद्धाच्या हातावर हात ठेवला, आपला नंबर काकाकडे दिल्याचं सांगितलं आणि त्या गेल्या. श्रद्धा बंद दाराच्या पायरीवर थोडा वेळ बसून राहिली. तिथे तर चपला घालायच्या की काढायच्या, हेही कळण्यासारखं नव्हतं.

गणपती आले. नऊ घरांत नऊ. दोन वर्षांची कसर भरून काढायची म्हणून जो तो कामाला लागला होता. मूर्तीच्या वर रानफळांची माटवी बांधली, झांजा घासून झाल्या, आणि अपूर्वावहिनी नव्या सुपांना नव्या उत्साहाने हळदीकुंकू लावत बसली. आत्मारामकाका आरतीला सगळ्यांत पुढे. त्याचा आवाज तसाच मोठा, फक्त कडव्याच्या मध्ये तो आता एकदा थांबायचा. बाकी कोणाला ते कळलं नाही. श्रद्धाला कळलं. आरतीभर ती देवाकडे बघतच नव्हती; काकाच्या ओठांचा रंग, कपाळावरचा घाम आणि शर्टाच्या खिशाकडे जाणारा हात, एवढंच बघत होती. मधून मधून तो तोंडात काहीतरी टाकायचा. कोणी विचारलं तर खडीसाखर म्हणायचा.

तिला काही वाटत नव्हतं, हे तिचं तिलाच भयंकर वाटायला हवं होतं, पण तेही वाटत नव्हतं. मोदक खाल्ले, तर ते तोंडात नुसते गरम लागले. आई म्हणाली, पोरीचं लक्ष नाही, अभ्यासाने डोकं शिणलंय. वडील, दीपक, बंदरावरची पाळी बदलून घरी आले होते. त्यांनी फुगडीत तिला ओढलं तर ती फिरली, हसलीसुद्धा. पाय आपोआप पडत होते.

चौथ्या दिवशी मात्र ती सांगायला निघाली. आई चुलीपाशी एकटीच होती, मोदकपात्र उतरवत होती. श्रद्धा म्हणाली, "आई, आत्मारामकाकाला..."

"काय?"

"...दोन मोदक जास्त ठेव."

आईने ठेवले. आणि श्रद्धा बाहेर येऊन पडवीत बसली.

इथे तिची बाजू घ्यायची म्हटलं तर घेता येईल. नियम होता, वचन होतं, काकाची स्वतःचीच आज्ञा होती. पण तिला आतून ठाऊक होतं, की तिला अडवत होता तो नियम नव्हे. सांगितलं असतं तर त्या क्षणाला सगळं थांबलं असतं. अजिंक्यदादाने गाडी काढली असती, वहिनीची सुपं पुन्हा माळ्यावर गेली असती, आणि नऊ घरांनी श्रद्धाकडे बघितलं असतं. आणि एवढं करून काकाला हॉस्पिटलात काही झालं असतं, तर ते कायमचं तिच्या नावावर लागलं असतं. न सांगता सगळं नीट पार पडण्याची शक्यताही होतीच की. ती त्या शक्यतेला धरून बसली. नियम हातात होता म्हणून तिने तो पुढे केला, एवढंच.

गौरी आल्या, जेवल्या. वहिनीचा ओवसा झाला. सगुणाकाकीने सुनेला हिरवी साडी दिली आणि त्या दोघी रडल्या, आनंदाने. आत्मारामकाका खांबाला टेकून बघत होता. श्रद्धाची नजर गेली तसं त्याने एक बोट वर केलं. एकच दिवस राहिला, असं ते बोट होतं.

विसर्जनाच्या दिवशी सकाळपासून ऊन पडलं होतं. काकाने आपला गणपती स्वतःच्या डोक्यावर घेतला. अजिंक्य पुढे झाला तर त्याला त्याने नुसत्या डोळ्यांनी मागे सारलं. उतार होता, म्हणून बरं. गुडघाभर पाण्यात जाऊन त्याने तीनदा मूर्ती बुडवली आणि वर काढली, मग सोडली. पाटावर थोडी वाळू घेऊन तो बाहेर आला आणि श्रद्धाजवळून जाताना हळू म्हणाला, त्याच्या मानाने खूपच हळू, "आलं बंदर. उद्या जातो."

परतीची चढण त्याने अजिंक्यच्या स्कूटरवरून केली. घरी आला, वाटली डाळ खाल्ली, पडवीच्या पायरीवर बसला आणि काकीकडे चहा मागितला. अजून उजेड होता. काकी चहा घेऊन आली तेव्हा तो खांबाला मान टेकून बसला होता, आणि चहा घ्यायला त्याचा हात पुढे आला नाही.

तिकडचं विसर्जन सकाळीच उरकून डॉक्टर त्याच दुपारी केळशीहून परतल्या होत्या. अर्ध्या तासात आल्या. त्यांनी नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं. मग दाखला लिहायला बसल्या. श्रद्धा सवयीने शेजारी जाऊन उभी राहिली. डॉक्टरांनी तिच्याकडे पेन दिलं नाही. तो कागद त्यांनी आपल्या घाणेरड्या अक्षरात स्वतःच लिहिला.

माणसं जमली. आणि जो येईल तो एकच बोलत होता: किती पुण्यवान माणूस. नऊ घरांचे गणपती होऊ दिले, आपल्या हाताने देव पोचवला आणि मगच गेला. कधी डोकं दुखल्याचंही कोणी ऐकलं नाही. गोदाआजीने सूर लावला, असं मरण मागून मिळत नाही गो. काकी मान हलवत होती. अजिंक्य रडता रडता म्हणाला, बाबा ह्या आठवड्यात किती खूश होते. श्रद्धा आईच्या शेजारी बसून हे सगळं ऐकत होती. तिला रडू आलं नाही. बायकांनी आपसांत म्हटलं, पोर आघाताने गोठली आहे, रडू दे तिला.

नवव्या दिवशी ती वहीवर सही घ्यायला गेली. पंधरा दिवस भरले होते. डॉक्टरांनी पानं चाळली. शेवटच्या पानावर छापील प्रश्न होता: 'ह्या अनुभवातून काय शिकलात?' खाली दहा ओळी मोकळ्या.

"हे लिहिलं नाहीस," डॉक्टर म्हणाल्या.

"नाही."

त्यांनी सही केली, शिक्का मारला. वही परत देताना त्यांनी ती पटकन सोडली नाही. "मी केळशीला जायला नको होतं," त्या म्हणाल्या. श्रद्धाने ऐकून घेतलं. वही पिशवीत टाकून तिने पायरीवर चपला घातल्या.

तेरावं झालं. अजिंक्य दाखल्याच्या कामासाठी तालुक्याला गेला होता, अपूर्वावहिनी माजघरात निजली होती. सगुणाकाकीने गडग्यावरून श्रद्धाला हाक मारली. पडवीत चटई टाकली होती आणि तीवर काकाची जहाजाच्या कागदांची रेक्झिनची पिशवी रिकामी केली होती. जुने करार, फोटो चिकटवलेली पुस्तकं, परदेशी शिक्के. काकीला इंग्रजी येत नव्हतं. अजिंक्यने सांगून ठेवलं होतं की जहाज कंपनीला कळवायचंय, तर तिकडची पत्रं तेवढी वेगळी काढून ठेव. त्यात हा एक नवा कागद होता. शर्ट धुवायला घेताना खिशात मिळाला. विचारल्यावर काकाने सांगितलं होतं, कंपनीचं पत्र हाय, जपून ठेव.

"ह्या कसला, वाच बघू," काकी म्हणाली आणि तिने चार घड्यांचा कागद पुढे केला.

श्रद्धाने घडी उघडायच्या आधीच तो ओळखला. घडीच्या पाठीमागून पट्टीने मारलेली रेघ उमटली होती. कंपनीचंच आहे, असं म्हणून तो बाकीच्या ढिगात सारता आला असता. काकीने पुन्हा विचारलं नसतं. अजिंक्यच्या हाती लागला असता, किंवा नसताही लागला. श्रद्धाने घडी उघडली.

ती इंग्रजी वाचायची आणि एकेक ओळ मराठीत सांगायची, प्रयोगवहीतलं वाचावं तशी. आत्माराम सखाराम मयेकर. वय एकोणसाठ. चार दिवसांपासून छातीत दुखतं, आज विश्रांती घेत असतानाही दुखलं. हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडतो आहे. रुग्णास आजच दाखल करून घ्यावे.

"आजच म्हणजे कवा?" काकीने विचारलं.

"पंचवीस ऑगस्ट. सोमवार."

काकीने अंगठ्याने बोटांची पेरं मोजली. विसर्जनापासून मागे मोजत गेली आणि एका पेरावर थांबली. समोर रस्त्यावरून एस.टी. गेली, तिचा आवाज पूर्ण जाईपर्यंत ती तशीच पेर धरून बसली होती.

"हरतालकेच्या आदल्या दिवशी," ती म्हणाली. "शर्ट मी हरतालकेला धुतला. म्हंजे मी उपास धरला, तवा ह्या कागद माझ्या हातात व्हता."

श्रद्धाने कागद चटईवर ठेवला.

"तवाच तुला हाक मारणार व्हते गो वाचायला. म्हटलं, गणपतीची घाई, पोर दमली असंल." काकीने कागद आपल्याकडे घेतला. अक्षरांवरून बोट फिरवलं, रेघेपाशी थांबवलं. डॉक्टरणीचं अक्षर कसं असतं, हे तिने तेरा दिवसांपूर्वी बघितलं होतं. मृत्यूच्या दाखल्याची एक प्रत अजून देवळीत होती. "ह्या त्यांचा अक्षर नाय. कुणाचा?"

"माझं," श्रद्धा म्हणाली.

काकीने मान वर केली नाही. कागदाकडे बघत राहिली, खूप वेळ, वाचता येत असल्यासारखी.

"चांगला हाय," ती शेवटी म्हणाली. मग तिने त्याच घड्यांवरून कागद मिटला, पिशवीत सगळ्यांत खाली ठेवला आणि उरलेले कागद श्रद्धाच्या पुढ्यात सरकवले. "ह्ये पन वाच."

श्रद्धाने पुढचा कागद उचलला आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीवरच तिचा आवाज फुटला, आणि ती थांबली नाही, तशीच वाचत राहिली. काकीनेही तिला थांबवलं नाही.